शेंगदाणा तोच, पोषण वेगळे : चॉकलेट-पीनट बटर कँडी आणि कावेरीकाठची कडलै मिट्टाय

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव कुंभकोणमजवळचे असो वा पट्टुक्कोट्टैच्या नारळपट्ट्यातले, तेथील किराणा दुकानात शेंगदाण्याचे दोन गोड पदार्थ हमखास आढळतात. एक आहे कडलै मिट्टाय, म्हणजे गुळाच्या पाकात बांधलेली आपल्या ओळखीची शेंगदाण्याची चिक्की. दुसरा आहे चॉकलेटच्या आवरणातील शेंगदाण्याची वडी. अमेरिकेत घरोघरी पोहोचलेल्या चॉकलेट-पीनट बटर कँडीच्या कुळातलाच हा पदार्थ. पहिला पदार्थ ‘पौष्टिक’ आणि दुसरा ‘जंक’ अशी सरळ विभागणी पालक करतात. मूल हट्ट करू लागले, की याच विभागणीच्या आधारे खरेदी होते.

ही विभागणी कितपत खरी आहे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) तमिळनाडूतील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ५७.४ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हेच प्रमाण ६८.९ टक्के आहे. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार तमिळनाडूतील १४.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. राष्ट्रीय सरासरी ११.४ टक्के आहे. एकाच घरात नातवाचे रक्त कमी आणि आजोबांची साखर जास्त, अशी स्थिती असताना घरात येणाऱ्या गोड पदार्थाचा हिशेब नीट मांडणे गरजेचे ठरते.

कँडीच्या वेष्टनात काय असते?

चॉकलेट-पीनट बटर कँडीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे ‘रीसेस पीनट बटर कप’. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी हॅरी बर्नेट रीस यांनी १९२८ मध्ये तो बाजारात आणला. रीस यांची कंपनी १९६३ मध्ये हर्शी कंपनीत विलीन झाली. भाजलेल्या शेंगदाण्याचे साखर-मीठ घातलेले वाटण आणि त्यावर दूध-चॉकलेटचा थर, अशी या कँडीची रचना आहे.

अमेरिकी कृषी विभागाच्या अन्नघटक सूचीनुसार अशा १०० ग्रॅम कँडीतून सुमारे ५१५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, स्निग्धांश ३० ग्रॅम आणि साखर ४७ ग्रॅम असते. स्निग्धांशापैकी जवळपास ११ ग्रॅम संपृक्त असतो. सोडियम सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर तंतुमय पदार्थ साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात. थोडक्यात, कँडीचे जवळजवळ निम्मे वजन साखरेचे असते. त्यात दुधातील नैसर्गिक साखरेचा वाटा अगदी थोडा असतो.

नुसत्या शेंगदाण्याचे आकडे यापेक्षा फार वेगळे आहेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ किलोकॅलरी, २५ ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम स्निग्धांश आणि साडेआठ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. हा स्निग्धांश बहुतांशी असंपृक्त असतो. शिवाय नायसिन, फोलेट, ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम शेंगदाण्यातून चांगल्या प्रमाणात मिळते. शेंगदाण्याची कँडी झाली, की १०० ग्रॅममागे प्रथिने निम्म्याहून कमी होतात. ती कोठे नष्ट होत नाहीत; शेंगदाण्याची जागा साखर आणि चॉकलेट घेतात.

गुळाच्या मिठाईचे गणित

कडलै मिट्टायचे पोषणमूल्य एका आकड्यात सांगता येत नाही, कारण शेंगदाणे आणि गूळ यांचे प्रमाण प्रत्येक बनवणाऱ्यागणिक बदलते. गोळीबंद पाक करून त्यात भाजलेले, सोललेले शेंगदाणे घालायचे आणि वडी थापायची, ही कृती सगळीकडे सारखीच. पाक किती आणि दाणे किती, यावर मात्र सारे अवलंबून असते.

गुळाच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग साखरेचाच असतो, हे लक्षात घेऊन तीन प्रमाणांचा हिशेब करून पाहू. दाणे ६० भाग आणि गूळ ४० भाग असेल, तर १०० ग्रॅम मिठाईतून सुमारे ४८५ किलोकॅलरी, १५ ग्रॅम प्रथिने आणि गुळातून आलेली ३५ ग्रॅम साखर मिळते. दोन्ही समसमान असतील, तर प्रथिने १३ ग्रॅमच्या आसपास येतात आणि साखर ४३ ग्रॅमवर जाते. दाणे ४० भाग आणि गूळ ६० भाग झाला, की प्रथिने १० ग्रॅम, म्हणजे चॉकलेट कँडीइतकीच उरतात आणि साखर ५० ग्रॅमच्या पुढे जाते. ती कँडीतील साखरेहूनही अधिक असते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, दाण्यांनी भरलेली चिक्की कँडीपेक्षा निश्चित सरस आहे. पाकाने भरलेली चिक्की मात्र साखरेच्या बाबतीत कँडीच्याही मागे पडते. दुसरी, नुसत्या कॅलरी पाहून निर्णय घेता येत नाही. वरच्या तीन प्रकारांत सर्वांत जास्त दाण्यांच्या मिठाईत कॅलरी सर्वांत जास्त आणि सर्वांत जास्त गुळाच्या मिठाईत त्या सर्वांत कमी भरतात, कारण स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी, तर साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ किलोकॅलरी असतात. ज्या प्रकारात कॅलरी कमी, त्याचेच पोषण हलके, असे येथे घडते.

गुळाच्या मिठाईचा एक फायदा मात्र कोणत्याही प्रमाणात टिकून राहतो. तिच्यातील स्निग्धांश केवळ शेंगदाण्यातून येतो. त्यामुळे ६०-४० प्रमाणाच्या १०० ग्रॅम मिठाईत संपृक्त स्निग्धांश सुमारे ४ ग्रॅम असतो, कँडीत तो ११ ग्रॅमच्या घरात जातो. मिठाईत मीठ घातले नसेल, तर सोडियमही नगण्य असते.

कडलै मिट्टाय म्हटले, की तमिळनाडूत कोविलपट्टीचे नाव आधी घेतले जाते. थुतुकुडी जिल्ह्यातील हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशापासून बरेच दक्षिणेला आहे. तेथील कडलै मिट्टायला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन पदार्थाच्या उगमाची आणि वैशिष्ट्याची ग्वाही देते. साखरेचे प्रमाण कमी असल्याची ग्वाही त्यातून मिळत नाही, हे लोणावळ्याची चिक्की वाटेत विकत घेणाऱ्या मराठी प्रवाशानेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गुळातील लोह : समज आणि हिशेब

कावेरीकाठी ऊस आणि गूळ दोन्ही मुबलक आहेत. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम भागातील वीरमांगुडी हे गाव ‘अच्चु वेल्लम’ म्हणजे साच्यात पाडलेल्या गुळासाठी ओळखले जाते. पोंगल सणाच्या आधी या गुळाला मोठी मागणी असते. गुळात लोह असते, म्हणून गूळ-शेंगदाण्याने रक्त वाढते, हा समज येथे जितका रुजलेला आहे, तितकाच तो विदर्भात किंवा कोल्हापुरातही आहे.

गुळात पांढऱ्या साखरेपेक्षा लोह आणि इतर खनिजे जास्त असतात, हे खरे आहे. गुळाची प्रत आणि तो लोखंडी कढईत केला की नाही, यावर त्याचे प्रमाण बदलते. हिशेब करायचा, तर २० ग्रॅमच्या एका वडीत साधारण १२ ग्रॅम दाणे आणि ८ ग्रॅम गूळ असतो. दोन्ही मिळून लोह जेमतेम १ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार चार ते सहा वर्षांच्या बालकाला रोज ११ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे. प्रौढ स्त्रीची ही गरज केवळ मिठाईतून भागवायची, तर रोज अर्ध्या किलोहून अधिक मिठाई खावी लागेल.

शिवाय शेंगदाण्यातील फायटेट हा घटक लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. चहा-कॉफीतील आणि कोकोतील पॉलिफेनॉलही तेच करतात. म्हणजे मिठाईचा तुकडा आणि त्यावर चहा किंवा फिल्टर कॉफी, ही सवय असलेले थोडे लोहही शरीरात पुरते जाऊ देत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांबरोबर वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. रक्तक्षयावरील उपचारात मिठाईने लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ नये, हा या हिशेबाचा सरळ अर्थ आहे.

मधुमेहाच्या बाबतीतही गुळाला वेगळी सवलत नाही. ‘साखर नाही, फक्त गूळ’ ही ओळ वाचून मधुमेही व्यक्ती निश्चिंत होतात. रक्तातील साखर वाढवण्याच्या दृष्टीने मात्र गूळ आणि साखर यांत फारसा फरक नसतो. दाण्यांतील स्निग्धांश आणि प्रथिने साखरेचे शोषण काहीसे मंदावतात, त्यामुळे नुसता गूळ खाण्यापेक्षा चिक्की थोडी बरी. तरीही तिच्यातील साखर दिवसाच्या हिशेबात धरावीच लागते.

भाताच्या प्रदेशातील प्रथिने

तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलाडुतुरै हे जिल्हे तमिळनाडूचे भाताचे कोठार मानले जातात. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटले, की कुरुवै भाताची लगबग सुरू होते. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै या भागांतील तांबड्या, निचऱ्याच्या जमिनींत भुईमूगही घेतला जातो. मेट्टूर धरणाबरोबर १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या कल्लणै कालव्याने हा ‘नवा त्रिभुज प्रदेश’ ओलिताखाली आला. तमिळमध्ये भुईमुगाला ‘निलक्कडलै’ म्हणजे जमिनीतला चणा म्हणतात. काही भागांत ‘मणिलाक्कोट्टै’ हे नावही चालते. दक्षिण अमेरिकेतले हे पीक फिलिपिन्सच्या मनिला बंदराशी जोडले गेल्याची खूण त्या नावात उरली आहे.

भाताच्या आहाराला शेंगदाण्याची जोड मिळाली, की प्रथिनांची उणीव भरून निघते, असे सहसा गृहीत धरले जाते. येथे एक बारीक गोष्ट आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. तूर, मूग, हरभरा यांत ते भरपूर असल्याने भात आणि डाळ एकमेकांना पूरक ठरतात. शेंगदाणाही शेंगवर्गीयच आहे, पण त्यात लायसिन इतर डाळींच्या मानाने कमी असते. म्हणून शेंगदाण्याच्या मिठाईने प्रथिनांत भर पडते. ताटातील सांबार, वरण, अंडे किंवा दह्याचे काम मात्र ती करू शकत नाही.

शालेय आहाराच्या संदर्भात हे विशेष महत्त्वाचे आहे. तमिळनाडूत शाळेतील दुपारच्या जेवणाची परंपरा कामराज यांच्या कारकिर्दीपर्यंत मागे जाते आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना विस्तारली. मुख्यमंत्री न्याहारी योजनेचा विस्तारही २५ ऑगस्ट २०२३ रोजी याच त्रिभुज प्रदेशातील तिरुक्कुवळै या गावातून झाला. त्या न्याहारीत उपमा, खिचडी, पोंगल असे शिजवलेले पदार्थ देण्यात येतात. शिजवलेल्या अन्नाऐवजी चिक्की किंवा बार देणे सोयीचे असते, कारण ते टिकतात आणि वाटपाला सोपे पडतात. वर मांडलेला हिशेब पाहता ही सोय मोठ्या प्रमाणात साखरेच्या मोबदल्यात मिळते.

चॉकलेटचे आवरण आणि उष्ण हवा

कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. तंजावरच्या उन्हाळ्यात पारा त्यापुढे सहज जातो आणि खेड्यातील दुकानात वातानुकूलन नसते. त्यामुळे अशा ठिकाणी टिकणाऱ्या स्वस्त वड्यांवर बहुधा ‘कंपाउंड’ आवरण असते. त्यात कोको बटरच्या जागी पामगर्भ तेलासारखे वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ वापरतात आणि रंग-चवीसाठी थोडी कोको पूड घालतात. हे स्निग्ध पदार्थ उन्हात तग धरतात, कारण त्यांत संपृक्त अंश जास्त असतो. आवरण जितके उष्णता सोसणारे, तितका हा अंश वाढण्याची शक्यता अधिक.

ट्रान्स फॅटबाबत नियम कडक झाले आहेत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. संपृक्त स्निग्धांशावर मात्र अशी बंदी नाही. तो वेष्टनावर वाचूनच ओळखावा लागतो.

‘कोको हृदयाला चांगला’ हा युक्तिवादही अशा कँडीला लागू पडत नाही. भारतीय मानकांनुसार दूध-चॉकलेटमध्ये स्निग्धांशरहित कोकोचा अंश किमान अडीच टक्के असला, तरी पुरतो. ज्या फ्लॅव्हॅनॉल द्रव्यांची चर्चा होते, ती इतक्या अल्प कोकोतून नाममात्रच मिळतात.

न दिसणारा धोका

पोषणाच्या तक्त्यात कधीच न येणारी एक बाब शेंगदाण्याच्या प्रत्येक पदार्थाला लागू आहे, ती म्हणजे अफ्लाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेव्हस या व तिच्या जवळच्या जातींच्या बुरशी दमट हवेत शेंगदाण्यावर वाढून हे विष तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. त्याचा माग त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि या विषाचा शोध लागला. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाने त्रिभुज प्रदेशातील हवा दमट राहते. शेंगा पुरत्या न वाळवता पोत्यांत भरल्या, तर बुरशीला आयते निमंत्रण मिळते. शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आणून मगच साठवण करणे हा त्यावरील पहिला उपाय आहे. भाजण्याने हे विष काही अंशी कमी होते, पूर्ण जात नाही; गोड पाकाने कडवट चव झाकली जाते, इतकेच. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात प्रतिकिलो १५ मायक्रोग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन चालते. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी ही मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे. घरगुती ग्राहकाला हे मोजता येत नाही. सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरशीचे किंवा कडवट लागणारे दाणे निवडून फेकणे मात्र त्याच्या हाती आहे. असे दाणे कुटून लाडवात घालणे सर्वांत घातक, कारण कुटल्यावर ते ओळखू येत नाहीत.

हाच दाणा उपचार कधी ठरतो?

शेंगदाण्याचे वाटण, साखर, तेल आणि दूध भुकटी हे घटक कँडीचे वाटतील. याच घटकांपासून १९९६ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी ‘प्लम्पीनट’ हे उपचारात्मक खाद्य विकसित केले. तीव्र कुपोषित बालकांसाठीच्या ९२ ग्रॅमच्या एका पुडीतून ५०० किलोकॅलरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००७ मध्ये अशा खाद्याच्या आधारे समाजपातळीवर उपचार करण्यास पाठिंबा दिला.

घटकांची नावे सारखी असूनही एक कँडी आणि दुसरे उपचार ठरते, कारण दुसऱ्यात दुधाची प्रथिने ठरावीक प्रमाणात असतात, जीवनसत्त्वे व खनिजे मोजून मिसळलेली असतात, अफ्लाटॉक्सिनची तपासणी होते आणि पुडी आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली ठरलेल्या दिवसांपुरती दिली जाते. म्हणून ‘कुपोषणावर शेंगदाण्याची पेस्ट देतात’ या माहितीवरून दुकानातील कँडी वा चिक्कीला ‘पौष्टिक’ ठरवता येत नाही.

तंजावरची जुनी विद्या, नवी प्रयोगशाळा

अन्नाचे गुणदोष तपासण्याची परंपरा तंजावरला नवी नाही आणि तिच्याशी मराठी माणसांचा जवळचा संबंध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या भोसले घराण्यातील राणी दीपाबाई, म्हणजे व्यंकोजी राजांच्या पत्नी, यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, दूधदुभते आणि शिजवलेले पदार्थ यांच्या गुणधर्मांची त्यात चर्चा आहे. पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाच्या काळाचा शोध घेतला होता.

आज त्याच शहरात राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता आणि व्यवस्थापन संस्था म्हणजे ‘निफ्टेम-तंजावर’ कार्यरत आहे. भातावरील प्रक्रियेच्या संशोधन केंद्रापासून या संस्थेची वाटचाल सुरू झाली. पुढे ती भारतीय अन्न प्रक्रिया तंत्रज्ञान संस्था झाली आणि २०२१ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. अन्न तपासणी प्रयोगशाळा आणि नवउद्योजकांसाठीचे प्रशिक्षण व उबवणी केंद्र तेथे आहे. गावातील बचत गट किंवा लघुउद्योजक आपल्या मिठाईची तपासणी करून घेऊन तिच्यावर खरा पोषण-तक्ता छापू शकतात. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, पात्र उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद आहे.

वेष्टनावर काय वाचावे?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर प्रति १०० ग्रॅम पोषण-तक्ता आणि एका वाढीतून दैनंदिन गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हे देणे आवश्यक आहे. त्यासाठी दिवसाला २,००० किलोकॅलरी ऊर्जा, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम हे आधार मानले आहेत. शेंगदाणा हा अॅलर्जी निर्माण करू शकणारा घटक असल्याने त्याचा स्वतंत्र उल्लेखही सक्तीचा आहे.

अडचण अशी, की १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या वेष्टनाला पोषण-तक्त्यातून सूट आहे. तो मोठ्या एकत्रित पाकिटावर असला, तरी चालतो. मुले सुटे पैसे देऊन घेतात त्या एकेका वडीवर म्हणूनच बहुधा काहीच लिहिलेले नसते, आणि बरणीतून सुटी मिळणारी मिठाई तर विनावेष्टनच असते. अशा वेळी दुकानदाराकडील मोठे पाकीट पाहणे हा एक मार्ग आहे.

तक्ता हाती आला, की दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून शेंगदाणा पहिला असेल, तर पदार्थ त्यातल्या त्यात बरा. साखर, गूळ आणि लिक्विड ग्लुकोज अशी नावे वेगवेगळी लिहिलेली असली, तरी ती एकत्र धरावीत. दुसरी, प्रति १०० ग्रॅम प्रथिने आणि साखर यांचे गुणोत्तर. १५ ग्रॅम प्रथिनांमागे ३५ ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम प्रथिनांमागे ४७ ग्रॅम साखर, यांतील फरक एका नजरेत दिसतो.

प्रमाणाचा विचार वयानुसार करावा लागतो. चार ते सहा वर्षांच्या बालकाची ऊर्जेची गरज दिवसाला साधारण १,३६० किलोकॅलरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. या बालकासाठी ही मर्यादा अनुक्रमे ३४ ग्रॅम आणि १७ ग्रॅम होते. दोन कपांच्या ४२ ग्रॅम चॉकलेट कँडीत सुमारे २० ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पाकिटातच ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. तेवढ्याच वजनाच्या, दाणे जास्त असलेल्या कडलै मिट्टायमध्ये ती १५ ग्रॅमच्या आसपास असते. २० ग्रॅमची एक वडी दिली, तर ७ ग्रॅम. चिकट पाक दातांना बराच वेळ धरून राहतो, म्हणून ती जेवणासोबत द्यावी आणि नंतर चूळ भरायला लावावी. दिवसभर थोडी थोडी चघळणे दातांना अधिक बाधते. पाच वर्षांखालील बालकांना अख्खे दाणे असलेली वडी देऊ नये, कारण दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

गोड न करता शेंगदाणा देण्याचा मार्गही या प्रदेशात जुनाच आहे. नवरात्रात घरोघरी होणारे सुंडल, म्हणजे उकडलेल्या कडधान्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि वर ओले खोबरे, हे शेंगदाण्याचेही करतात. ३० ग्रॅम कोरड्या शेंगदाण्यांच्या सुंडलमधून साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दोन कपांच्या चॉकलेट कँडीत ती सव्वाचार ग्रॅम असतात. सुंडलमध्ये वरून घातलेली साखर शून्य असते, आणि त्यावर लिंबू पिळले, तर दाण्यातील लोहही शरीराला अधिक मिळते.